मुरलीकांत पेटकर आणि ते ३७.३३ सेकंद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-सातारा भागातली पोहायला येणारी पोरं, त्यांचे आईबाप, शाळेतले पीटीचे सर, सगळे पेटकरांबद्दल तेच तेच विचारत असतात आणि २०२४ ला त्यांच्यावर हिंदी सिनेमा आल्यापासून तर जास्तच. पण प्रश्न बहुतेक युद्धावर, गोळ्यांवर आणि व्हीलचेअरवर असतात, पोहण्यावर फार कमी. मला ते मनापासून खटकतं. कारण हा माणूस वर्ल्ड रेकॉर्ड केलेला स्प्रिंट स्विमर आहे, आपल्या जिल्ह्यातला आहे, आणि त्यांच्याकडं आधी खेळाडू म्हणूनच बघायला पाहिजे. म्हणून इथं जमेल तेवढं पोहण्याबद्दलच लिहिलंय, बाकीचं लागेल तिथं.

मुरलीकांत पेटकर कोण, एका वाक्यात सांगा

१९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदात पोहून वर्ल्ड रेकॉर्डसकट गोल्ड जिंकणारे, पॅरालिंपिकमध्ये भारताला पहिलं गोल्ड मिळवून देणारे सांगली जिल्ह्यातले माजी सैनिक.

ते नक्की कुठले? कुणी पुण्याचे म्हणतं, कुणी कोल्हापूरचे

पेठचे. पेठ-इस्लामपूर, वाळवा तालुका, जिल्हा सांगली. पुणे-बेंगलोर हायवेनं जाणाऱ्या कुणालाही पेठ नाका माहीत असतो, तिथूनच सांगलीकडं जायचा रस्ता फुटतो. इस्लामपूरला आता ईश्वरपूर म्हणायचं, पण जुन्या बातम्या शोधताना पेठ-इस्लामपूर असंच टाका, तेव्हाच सापडतील. जन्म १९४४ चा. पुण्याचं नाव येतं कारण पुढं टेल्कोतली (आताची टाटा मोटर्स) नोकरी आणि संसार तिकडं झाला.

मग पोहायला कृष्णेतच शिकले असणार ना?

असं सगळ्यांनाच वाटतं, कारण आमच्याकडं पोहणं म्हणजे विहीर नाहीतर कृष्णा. पाठीला डबा बांधून विहिरीत सोडायचं, चार दिवसांनी डबा काढायचा, मग काठावरून मुटका, आणि पोरगं मोठं झालं की पुराच्या पाण्यात आयर्विन पुलावरून उडी, हा इकडचा ठरलेला कोर्स. पण पेटकरांचं तसं नाही. त्यांचा लहानपणीचा नाद कुस्तीचा. आणि ते साहजिकच आहे, या पट्ट्यात पोरगं जरा अंगानं भरलं की त्याला तालमीत घालायचे, कवठेपिरानचे मारुती माने याच जिल्ह्यातले, १९६२ च्या एशियाडला मेडल आणलेले, तेव्हा हवाच तशी होती.

नंतर ते लष्करात गेले, ईएमई म्हणजे तिथली इलेक्ट्रिकल-मेकॅनिकलची शाखा, तिथं क्राफ्ट्समन. लष्करात कुस्ती मागं पडली आणि बॉक्सिंग आलं. १९६४ ला टोकियोला सर्व्हिसेसची, म्हणजे सैन्यदलांची, आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती तिथं ते बॉक्सर म्हणून खेळले. खेळ म्हणून पोहणं त्यांच्या आयुष्यात आलं ते जखमी झाल्यावर, हॉस्पिटलमध्ये. वयाची विशी ओलांडल्यानंतर. आजकाल सहाव्या वर्षी पोराला कोचिंगला घालून आठव्या वर्षी मेडल का नाही म्हणून विचारणाऱ्या पालकांनी ही गोष्ट नीट लक्षात घ्यावी.

जखमी कसे झाले?

१९६५ च्या भारत-पाक युद्धात. गोळ्या लागल्या, मणक्याला मार बसला, कमरेखालच्या शरीरानं साथ सोडली. यावर मी एवढंच लिहितो, कारण बाकी सगळीकडं हेच भरून लिहिलेलं असतं.

हॉस्पिटलात पोहायला कशाला लावलं?

मुंबईला कुलाब्यात नेव्हीचं हॉस्पिटल आहे, आयएनएचएस अश्विनी, तिथं उपचार चालू होते आणि पाण्यातला व्यायाम हा उपचाराचाच भाग होता. पाण्यात अंगाचं वजन जाणवत नाही. जमिनीवर जो माणूस आधाराशिवाय बसूसुद्धा शकत नाही तो छातीएवढ्या पाण्यात ताठ राहू शकतो, हात फिरवू शकतो, सांध्यांवर भार न येता स्नायूंना काम मिळतं. मणक्याच्या पेशंटला आजही हेच सांगतात.

यात एक योगायोग असा की बॉक्सरचे खांदे आणि दंड आधीच तयार असतात. गार्ड लावून तीन-तीन मिनिटं हात वर धरायचे, तेही सतत मारत आणि चुकवत, म्हणजे खांद्याचा दमसास किती लागत असेल बघा. पाय गेल्यावर त्यांच्याकडं उरलं काय, तर बॉक्सरचं वरचं अंग आणि रिंगमध्ये मुरलेला स्पर्धेचा स्वभाव, आणि ५० मीटर फ्रीस्टाइलला नेमकं हेच लागतं. औषध म्हणून सुरू झालेलं पोहणं पुढं स्पर्धेचं झालं त्यामागं नशिबापेक्षा हे जास्त आहे असं मला वाटतं.

पहिल्या पॅरालिंपिकला ते पोहलेच नव्हते, हे खरं का?

१९६८ चं तेल अवीव. तिथं त्यांची नोंद टेबल टेनिसमध्ये आहे, पहिली फेरी जिंकले आणि पुढं हरले. भारतानं पॅरालिंपिकला पहिल्यांदा टीम पाठवली ती याच वर्षी. त्या काळात अशा खेळाडूंना परदेशी पाठवायला सरकारी यंत्रणा असं काही नव्हतंच, विमानाच्या तिकिटापासून सगळं कुणीतरी उभं करायला लागायचं. क्रिकेटर विजय मर्चंट यांनी अपंग खेळाडूंसाठी खूप धडपड केली, पेटकरांनाही त्यांची मदत झाली. मर्चंट म्हटलं की लोकांना त्यांचं बॅटिंग ॲव्हरेज आठवतं, हे काम कुणी सांगत नाही.

१९७२ चं ऑलिंपिक तर म्युनिकला होतं, मग हे हायडेलबर्ग मध्येच कुठनं आलं?

हा प्रश्न शाळेतली पोरं हमखास विचारतात आणि बरोबर विचारतात. दोन्ही शहरं त्या वेळच्या पश्चिम जर्मनीतली. पॅरालिंपिकही म्युनिकलाच घ्यायचा विचार होता पण तिथल्या खेळाडूंच्या वसाहतीचे पुढं फ्लॅट करायचे ठरलं होतं, त्यामुळं जागा मिळाली नाही आणि स्पर्धा हायडेलबर्गला गेली. २ ते ११ ऑगस्ट १९७२, म्हणजे म्युनिक सुरू व्हायच्या आधीच हे सगळं संपलं होतं.

म्हणजे तारखांचा हिशोब घातला तर काय दिसतं बघा. त्या वर्षी म्युनिकला आपल्या हॉकी टीमला ब्राँझ मिळालं, ते सगळ्यांना माहीत. आणि त्याच्या महिनाभर आधीच, त्याच देशात, पेठचा एक माणूस गोल्ड घेऊन मोकळा झाला होता.

पण पॅरालिंपिक म्हणजे ऑलिंपिक नाही ना, मग ऑलिंपिक चॅम्पियन कसं म्हणायचं?

ऑलिंपिक चॅम्पियन म्हणू नका, पॅरालिंपिक चॅम्पियन म्हणा, त्यात कमीपणा काय आहे? ही स्पर्धा मणक्याला इजा झालेल्या सैनिकांपासूनच सुरू झाली. इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिलच्या हॉस्पिटलात डॉ. लुडविग गुटमान यांनी १९४८ ला लंडन ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी आपल्या व्हीलचेअरवरच्या पेशंटची तिरंदाजीची स्पर्धा भरवली. त्यातूनच पुढं १९६० ला रोमला पहिलं पॅरालिंपिक झालं. १९७२ पर्यंत मेडलच्या स्पर्धा मणक्याच्या इजा असलेल्या, व्हीलचेअर वापरणाऱ्या खेळाडूंच्याच असायच्या, हात किंवा पाय नसलेले आणि दृष्टिहीन खेळाडू १९७६ च्या टोरोंटोपासून आले. तेव्हा पेटकर ज्यांच्याबरोबर पोहले ते सगळे त्यांच्यासारखेच, कुणाला युद्धात लागलेलं, कुणी ॲक्सिडेंटमधून वाचलेलं. कुणाला कुणावर दया करायचं कारणच नव्हतं तिथं.

३७.३३ सेकंद म्हणजे किती फास्ट? मला तर काही विशेष वाटत नाही

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण हा पोहण्याचा प्रश्न आहे. आकडा म्हणून बघितला तर सेकंदाला साधारण १.३४ मीटर, म्हणजे ताशी पावणेपाच किलोमीटरच्या आसपास. रस्त्यावर झपाझप चालणारा माणूस एवढ्या वेगानं जातो. आणि आज ५० मीटर फ्रीस्टाइल जगातले टॉपचे पुरुष २१ सेकंदांच्या आसपास पोहतात, ब्राझीलच्या सेझार सिएलोनं २००९ ला २०.९१ काढलं होतं. मग ३७ म्हणजे काय मोठं, असं वाटणारच.

आता एक करून बघा. आमच्याकडच्या बॅचमध्ये चांगली पोहणारी मोठी पोरं असतात, त्यांना आम्ही कधीतरी हे करायला लावतो. सायकलच्या जुन्या ट्यूबची रिंग कापायची, दोन्ही घोट्यांत अडकवायची, म्हणजे पाय मारताच येत नाहीत. सूर मारायचा नाही, भिंतीला पायानं रेटायचं नाही, पाण्यात तरंगत हातानं काठ धरायचा आणि शिट्टी वाजली की सोडायचा. पहिल्या पाच-सात स्ट्रोकमध्येच कळतं काय होतंय ते. वेग धरेपर्यंत पाय खाली जायला लागतात, मग कंबर बसते, मग अंग पाण्यात तिरकं होतं आणि माणूस पाणी कापायच्या ऐवजी पाणी ढकलायला लागतो. श्वास घ्यायला मान वळवली की कंबर अजून खाली. प्रत्येक हाताबरोबर पायाचं टोक डावीउजवीकडं शेपटासारखं फिरतं आणि सरळ जायचं सोडून नागमोडी जातो. अर्ध्या वाटेवर पोरं हात जोरजोरात आपटायला लागतात, पाणी भरपूर उडतं, पुढं मात्र कुणी सरकत नाही. काठाला आल्यावर खांदे धरून लटकतात आणि पहिलं वाक्य असतं, सर टाइम किती.

पाय धडधाकट, पोट आणि कंबरेचे स्नायू चालू, रोजचा सराव, आणि तरी रिंग घालून ३७ ला हात लावणं सोपं नाही. पेटकरांनी ते शरीराच्या खालच्या भागाची साथ नसताना केलं, आंतरराष्ट्रीय फायनलमध्ये केलं. म्हणून आमच्या पोरांना मी तो आकडा पाठ करायला सांगत नाही, रिंग घालून पोहायला सांगतो. त्यानंतर कुणी विचारत नाही की यात विशेष काय.

पाय चालत नसताना सरळ पोहता येतं तरी कसं?

हातांचा कॅच, म्हणजे तळवा आणि कोपरापासून खालचा हात पाण्यात आडवा लावून पाणी पकडणं. साध्या फ्रीस्टाइलमध्येसुद्धा पुढं नेण्याचं बहुतांश काम हातच करतात, पायाचं मोठं काम अंग आडवं ठेवण्याचं असतं. ते पाय करत नसतील तर दुसऱ्या कशानं तरी करायला लागतं. डोकं खाली ठेवायचं, छाती पाण्यात थोडी दाबायची म्हणजे मागची बाजू जरा वर येते. श्वास कमीत कमी. स्ट्रोक दोन्ही बाजूंनी सारखे, कारण एक हात जरी आत ओलांडून पडला तरी मागं लोंबणारे पाय दुसरीकडं फिरतात आणि ते सावरायला पायच नसतात. पोटाचे स्नायू किती चालू आहेत यावर पण खूप अवलंबून असतं, आणि इजा मणक्यात नेमकी कुठं आहे त्यानुसार ते बदलतं. म्हणून तर वर्ग पाडतात.

वर्ग म्हणजे काय? पेटकर कुठल्या वर्गात होते?

त्यांची रेस रेकॉर्डमध्ये पुरुष ५० मीटर फ्रीस्टाइल ३ अशी आहे. त्या काळी मणक्याची इजा कुठल्या पातळीला आहे हे डॉक्टर बघायचे आणि त्यावरून वर्ग ठरायचा. आता पद्धत वेगळी आहे, शरीर पाण्यात प्रत्यक्ष काय करू शकतं ते तपासतात. फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लायला एस१ ते एस१० हे शारीरिक अपंगत्वाचे वर्ग, एस११ ते एस१३ दृष्टिदोषाचे आणि एस१४ बौद्धिक. आकडा जेवढा लहान तेवढी अडचण जास्त. जुना ३ आणि आताचा एस३ एकच असं समजू नका, दोन्हीचा काही संबंध नाही.

त्यांचा वर्ल्ड रेकॉर्ड अजून आहे का?

नाही. इतक्या वर्षांत वर्ग बदलले, स्विमसूट बदलले, कोचिंग बदललं, पूल बदलले, त्यामुळं तेव्हाचे टाइम आणि आताचे टाइम शेजारी ठेवून बघण्यात अर्थ नाही. एवढंच लक्षात ठेवा की त्या दिवशी त्यांच्या वर्गात जगात त्यांच्यापेक्षा जोरात कुणी पोहलेलं नव्हतं.

तेव्हा नॉर्मल ऑलिंपिकमध्ये ५० मीटरचा रेकॉर्ड किती होता?

गंमत म्हणजे १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ही रेसच नव्हती! सगळ्यात छोटी १०० मीटर, ती अमेरिकेच्या मार्क स्पिट्झनं ५१.२२ मध्ये जिंकली, मिशी ठेवून आणि डोळ्याला गॉगल न लावता, कारण तेव्हा गॉगल चालतच नव्हते. पुरुषांच्या ५० मीटरचा वर्ल्ड रेकॉर्ड आंतरराष्ट्रीय संघटनेनं अधिकृत धरायला सुरुवात केली ती १९७६ पासून, आणि ऑलिंपिकमध्ये ५० मीटर आली थेट १९८८ च्या सोलला, तिथं मॅट बिऑन्डी २२.१४ मध्ये जिंकला.

म्हणजे पेटकर ज्या रेसमध्ये गोल्ड जिंकले ती धडधाकट लोकांच्या ऑलिंपिकमध्ये यायला अजून १६ वर्षं होती. हे मला खूप भारी वाटतं. सांगलीतल्या किती स्पोर्ट्स टीचरना हे माहीत असेल?

हायडेलबर्गला ते फक्त पोहले का?

नाही, भालाफेक, प्रिसिजन भालाफेक आणि स्लॅलमलाही होते आणि त्यातही फायनलपर्यंत गेले. प्रिसिजन म्हणजे लांब फेकायचं नाही, आखलेल्या टार्गेटवर अचूक टाकायचं. स्लॅलम म्हणजे व्हीलचेअर घेऊन अडथळ्यांमधून वळणावळणानं वेळेत बाहेर पडायचं. तेव्हा एकच खेळाडू अशा चारपाच प्रकारांत उतरायचा.

खाशाबा जाधव पहिले की पेटकर पहिले? आमच्यात यावर भांडणं होतात

भांडायचं कारण नाही, दोघांचे पहिले नंबर वेगवेगळे आहेत. खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे, १९५२ हेलसिंकी, कुस्तीत ब्राँझ, स्वतंत्र भारताचं ऑलिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक मेडल. पेटकर १९७२ हायडेलबर्ग, पॅरालिंपिकमधलं भारताचं पहिलं गोल्ड. ऑलिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक गोल्ड अभिनव बिंद्राचं, २००८ बीजिंग. म्हणजे ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक दोन्ही एकत्र धरलं तर वैयक्तिक गोल्ड आणणारा पहिला भारतीय पेठचा आहे, बिंद्राच्या ३६ वर्षं आधीचा. सातारकरांनी खाशाबा घ्यावेत, सांगलीकरांनी पेटकर घ्यावेत, गोळेश्वर ते पेठ अंतर तासाभराचंही नाही, एकाच दिवसात दोन्ही गावं बघून होतात. शाळेच्या सहली पन्हाळा आणि महाबळेश्वर सोडून कधीतरी इकडं काढा असं मी प्रत्येक सरांना सांगतो.

त्यांच्यानंतर पोहण्यात भारताला कुणी मेडल मिळवलं?

कुणीच नाही. परत वाचा, कुणीच नाही. ऑलिंपिकमध्ये पोहण्यात भारताला आजपर्यंत एकही मेडल नाही आणि पॅरालिंपिकमध्ये पोहण्यातलं मेडल म्हणजे पेटकरांचं ते एकच. शेजारच्या कोल्हापूरचा वीरधवल खाडे २००८ ला बीजिंगला गेला, तोही स्प्रिंटचाच पोहणारा, आणि तेव्हा तो अजून शाळकरी वयाचा होता. सोलापूर जिल्ह्यातला सुयश जाधव रिओ आणि टोकियो दोन्ही पॅरालिंपिकला पोहला, दोन्ही हात कोपरापासून पुढं नसताना. पण मेडल नाही आलं.

आणि पॅरालिंपिकमधलं दुसरं गोल्ड कधी आलं विचाराल तर २००४ अथेन्स, देवेंद्र झाझरिया, भालाफेक. मधली ३२ वर्षं गोल्ड नाही. १९७६ आणि १९८० ला तर आपली टीमच गेली नव्हती. जो खेळाडू ऐन भरात होता, गोल्ड जिंकून आला होता, त्याच्या देशानं पुढच्या स्पर्धेला कुणालाच पाठवलं नाही. दुसरं गोल्ड का नाही आलं याचं उत्तर बरंचसं इथंच आहे.

मग एवढ्या मोठ्या माणसाचं नाव आम्हाला इतकी वर्षं माहीत कसं नाही?

कारण सांगायला कुणी नव्हतं. टीव्ही नाही, पॅरालिंपिक म्हणजे काय हे पेपरवाल्यांनाच माहीत नाही, आणि अपंग माणूस म्हटलं की आपल्याकडं एकतर कीव नाहीतर कौतुक, खेळाडू म्हणून टाइम विचारायची पद्धतच नाही. त्यांनी टेल्कोत नोकरी केली, घर चालवलं. पद्मश्री मिळाली २०१८ ला. अर्जुन पुरस्कार, तो सुद्धा जीवनगौरव म्हणून, २०२४ च्या यादीत आला आणि राष्ट्रपतींच्या हस्ते जानेवारी २०२५ मध्ये मिळाला. गोल्ड १९७२ ला आणि अर्जुन २०२५ ला, वयाच्या ऐंशीत. मला याचा आनंदही आहे आणि रागही आहे, दोन्ही खरं आहे.

सिनेमात दाखवलंय तसंच सगळं घडलं का?

सिनेमा हा सिनेमा असतो, त्यात सीन वाढवतात, माणसं बदलतात. पण तो आल्यावर आमच्या पूलवर पोरं येऊन पहिल्यांदा पॅरालिंपिकबद्दल बोलायला लागली हे मी स्वतः बघितलंय, आणि त्यासाठी मी त्याला चांगलंच म्हणेन. फक्त सिनेमा बघून झाल्यावर रेसचा टाइम विसरू नका.

आत्ता सांगली-साताऱ्यातून पॅरा खेळात कुणी आहे का?

आहे की. आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा सचिन खिलारी, २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये गोळाफेकीत सिल्व्हर, १६.३२ मीटर. तोच आटपाडी तालुका जिथं पाण्याचा टँकर ही रोजची गोष्ट होती. म्हणजे १९७२ ला पेठ आणि २०२४ ला करगणी, दोन्ही सांगली जिल्ह्यातच. जिल्ह्यात क्रीडा दिनाला या दोघांचे मोठे फोटो लावायला काय हरकत आहे?

माझ्या मुलाचे पाय अधू आहेत, त्याला पोहायला घालू का?

घाला. पण काही गोष्टी नीट समजून घ्या, हे मी हात जोडून सांगतोय.

सगळ्यात आधी डॉक्टरांना विचारा, विशेषतः मणक्याची इजा असेल किंवा फिट येत असतील तर. मणक्याच्या इजेत अंगाचं तापमान शरीराला नीट सांभाळता येत नाही, म्हणून डिसेंबर-जानेवारीत सकाळी सहाच्या गार पाण्यात अजिबात नको, ऊन वर आल्यावर आणा आणि सुरुवातीला थोडाच वेळ. दुसरं, ज्या भागाला संवेदना नाही तिथं खरचटलेलं कळत नाही. पूलच्या काठाची फरशी खडबडीत असते, पोरगं सरकत सरकत पाण्यात उतरतं आणि मांडीचं कातडं सोलवटतं, त्याला पत्ताच नसतो, आणि ती जखम महिना महिना भरत नाही. त्यामुळं काठावर जाड चटई किंवा ओला टॉवेल अंथरा आणि पाण्यातून काढल्यावर पाय, टाचा, बूड नीट बघून कोरडं करा. रोज. तिसरं, लघवीचं आधी उरकून घ्या. चौथं, पहिले काही दिवस त्याच्याबरोबर एक माणूस पाण्यातच पाहिजे, काठावर उभा राहून मोबाइल बघणारा नाही.

आणि शिकवताना आधी उताणं तरंगायला शिकवा. पाठीवर तरंगता आलं, पालथं होता आलं, पुन्हा उताणं होता आलं की भीती निम्मी जाते. फ्रीस्टाइल त्याच्यानंतर.

पूलवर जागा मिळणं हा वेगळाच त्रास आहे. एका ठिकाणी आमच्या ओळखीच्या एका आईला सांगितलं गेलं की मुलाला आणू नका, बाकीचे पालक बघत बसतात. ती माऊली परत गेली नाही, तिनं दुसरा पूल शोधला. तुम्हीही शोधा, नाही मिळाला तर चार पालक मिळून जा, चौघांना नाही म्हणणं अवघड जातं.

नदीत शिकवलं तर? पैसे वाचतात

कृष्णेत नको. पाणी कधी सोडतील सांगता येत नाही, तळ दिसत नाही, भोवरे असतात, आणि आता मगरींचा प्रश्न आहे, भिलवडी-औदुंबरपासून सांगलीपर्यंत लोकांनी काठावर मगरी बघितल्यात. पूर्वीची पिढी शिकली म्हणून आपणही, हा हट्ट सोडा. विहीर असेल तर पायऱ्या पाहिजेत आणि जाणता माणूस पाहिजे, पण पाय अधू असलेल्या पोराला विहिरीतून वर काढणं फार अवघड आहे. उथळ बाजू असलेला पूलच बरा.

स्पर्धेला उतरवायचं असेल तर सुरुवात कुठून?

सरकारी अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगांचं सरकारी ओळखपत्र, आधी काढा, त्याशिवाय कुठंच फॉर्म घेत नाहीत. ते काम सिव्हिल हॉस्पिटलमधून होतं, अर्ज ऑनलाइन भरायचा आणि तपासणीला जायचं. नंतर राज्याच्या पॅरा स्पोर्ट्स संघटनेकडं नोंदणी, आणि स्पर्धेच्या आधी क्लासिफिकेशन होतं, तिथं वर्ग ठरतो. क्लासिफिकेशनला जाताना जुने मेडिकल रिपोर्ट, एक्सरे, एमआरआय सगळी फाइल बरोबर न्या, आणि पोराला सांगून ठेवा की जमेल तेवढं पूर्ण जोर लावून करायचं, मुद्दाम कमी करून दाखवायचं नाही, तसं केल्याचं लक्षात आलं तर खेळातून बाद करतात. वर्ग कळला की त्या वर्गातला ५० मीटरचा राज्याचा टाइम विचारून घ्या आणि घरी कॅलेंडरवर लिहा, म्हणजे सराव कशासाठी करायचा ते पोरालाही कळतं.